काठी अडकते, पण बसत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आमच्या भागात ज्येष्ठ नागरिकांना मोफत काठ्या आणि वॉकर वाटले. काम चांगलंच आहे, वाटणाऱ्यांच्या मनाबद्दल मला काहीही म्हणायचं नाही हे आधीच सांगून टाकतो. माझी आई ८१ वर्षांची, तिलाही एक काठी मिळाली, ॲल्युमिनियमची, उंची कमीजास्त होणारी, म्हणजे एका पाइपात दुसरा पाइप, आतल्या पाइपाला स्प्रिंगचं बटण, बटण दाबायचं, पाइप सरकवायचा आणि हव्या त्या भोकातून बटण टक्कन बाहेर आलं की झालं लॉक. वजनाला हलकी, दिसायलाही बरी. आई दारापासून गेटपर्यंत गेली, परत आली, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "आरं ही खुळखुळती, मला न्हाय हिचा भरवसा." आणि दुसऱ्या दिवसापासून परत तिची ती जुनी काठी, जी तिला दोन बोटं लांब पडते.

मी ३४ वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि अवजारं बनवतात तिथे, फिटर होतो, जिग, फिक्स्चर, डाय हेच काम केलं, त्यामुळे आई जे एका वाक्यात बोलली ते माझ्या फार मनाला लागलं. तिला मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) माहीत नाही, टॉलरन्स (मापात चालणारा कमीजास्तपणा) माहीत नाही, पण तिच्या हाताला बरोबर कळलं की या सांध्यात काहीतरी राहिलंय. आपल्याकडे म्हण आहेच की खुंटा हलवून बळकट करावा, तिने खुंटा हलवून बघितला आणि खुंटा हलला.

मग मी व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, घेऊन बसलो. बाहेरच्या पाइपचं आतलं माप २२.४, आतल्या पाइपचं बाहेरचं माप २२, म्हणजे ०.४ मिलिमीटर फट. हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण आईच्या उंचीला लावल्यावर पाइप एकमेकांत जेमतेम ६० मिलिमीटर शिरलेला होता आणि तिथून खाली टोकापर्यंत ७०० मिलिमीटर. आता हिशोब करा, ०.४ भागिले ६० गुणिले ७००, म्हणजे टोक एका बाजूला जवळजवळ पावणेपाच मिलिमीटर जातं आणि तेवढंच दुसऱ्या बाजूला. म्हाताऱ्या माणसाच्या हाताखाली काठीचं टोक प्रत्येक पावलाला असं इकडून तिकडे होत असेल तर ते माणूस त्यावर भार कसा टाकेल? शिवाय बटण ६ चं आणि भोक साडेसहाचं, म्हणजे काठी उचलली की आतला पाइप अर्धा मिलिमीटर खाली लोंबतो आणि टेकवली की वर आदळतो, खट. उचलली, खट. टेकवली, खट.

माझं म्हणणं एवढंच आहे की सांधा अडकणं वेगळं आणि सांधा बसणं वेगळं. ही दोन कामं आहेत. बटण फक्त अडकवायचं काम करतं, पाइप निसटू देत नाही, वजन घेतं, ते काम ते नीट करतंय. पण पाइप जागेवर हलू नये हे काम त्या काठीत कोणालाच दिलेलं नाही. आणि हे फक्त काठीचं नाही, वॉकर, घडीच्या खुर्च्या, सलाइनचा स्टँड, खिडक्यांच्या कड्या, रिमोटचं झाकण, बघाल तिथे अडकवलेलं आहे पण बसवलेलं नाही.

आणि नीट बसवलेलं बघायचं तर लांब जायला नको, आपल्या घरातला पिनवाला बल्ब घ्या, ज्याला बी२२ म्हणतात, २२ म्हणजे टोपीचा व्यास. दोन पिना, होल्डरला दोन वाकड्या खाचा. बल्ब दाबायचा, फिरवायचा, सोडायचा. आता त्या खाचेत पिन चांगली ढिली जाते, जायलाच पाहिजे नाहीतर अंधारात स्टुलावर उभं राहून बल्ब लावता आला नसता. मग बल्ब हलत का नाही? कारण होल्डरच्या आत दोन स्प्रिंगवाले काटे आहेत, ते करंट तर देतातच पण बल्बला सतत बाहेर ढकलतात, त्या ढकलण्याने पिना खाचेच्या टोकाला जो छोटा खळगा असतो त्यात जाऊन टेकतात आणि तिथेच राहतात. उलटं फिरवायचं तर आधी दाबावं लागतं, म्हणून पंख्याच्या कंपनाने बल्ब आपोआप फिरून गळून पडत नाही. स्प्रिंग जळून मऊ पडली की बघा, तोच बल्ब, तोच होल्डर, तीच मापं, पण बल्ब डुगडुगायला लागतो आणि मिणमिणतो. म्हणजे माप बदललं नाही, ढकलणारा गेला.

कॅमेऱ्याची लेन्ससुद्धा अशीच बसते, तीन कान, थोडं फिरवणं आणि आत पातळ पट्टीच्या स्प्रिंगा ज्या लेन्सला बॉडीच्या कड्यावर ओढून धरतात. मोटारीच्या दाराचंही तेच, दार लावताना कुलूप दोन टप्प्यांत पकडतं, पहिल्या टप्प्यावर दार अडकलेलं असतं पण खडखडतं, दुसऱ्या टप्प्याला रबराची किनार दाबली जाते आणि दार गप्प होतं. दाबलेलं रबर म्हणजे स्प्रिंगच.

आपल्या जुन्या लोकांना हे सगळं हाताने माहीत होतं. कुऱ्हाडीचा दांडा घ्या, दांडा डोळ्यातून घातला म्हणजे झालं असं कोणी समजत नव्हतं, वरून पाचर मारायची, मग तो दांडा आतून फुगून डोळ्याला चहूबाजूंनी भिडायचा. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवताना मी लहानपणी बघितलंय, धाव चाकापेक्षा जाणूनबुजून लहान करायचे, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचे, मग ती प्रसरण पावून चाकावर बसायची आणि लगेच पाणी, एवढी वाफ व्हायची की माणसं दिसत नव्हती, आणि थंड होताना धाव आवळून सगळे आरे एकमेकांत घट्ट करायची. एकही स्क्रू नाही. आज कारखान्यात बेअरिंग गरम करून शाफ्टवर चढवतात ते दुसरं काय आहे?

आणि तीन टेकू. चुलीला तीन धोंडे असतात, तिपाई कुठल्याही उंचसखल जागेवर डुगडुगत नाही आणि चार पायांच्या पाटाखाली मात्र घडी केलेला कागद घालावा लागतो. तीन ठिकाणी टेकलं की चौथं हलायला शिल्लक राहत नाही. गोल पाइपात गोल पाइप ढिला घातला तर तो नक्की कुठे टेकेल हे सांगता येत नाही, जिथे ढकललं तिथे जाईल. पण तोच पाइप व्ही आकाराच्या खाचेत ठेवून वरून एका स्क्रूने दाबा, दोन रेषांवर तो टेकतो आणि दर वेळी त्याच दोन रेषांवर टेकतो. आम्ही टूलरूममध्ये आयुष्यभर हेच केलं, व्ही ब्लॉक आणि क्लॅम्प.

मुलांची आवडती लेगोची प्लॅस्टिकची वीट पण याचंच उदाहरण आहे. सुरुवातीला त्या विटा खालून पोकळ होत्या, एकमेकांवर बसायच्या पण धरून ठेवायच्या नाहीत. १९५८ साली त्यांनी आत पोकळ नळ्या टाकल्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून वरची गोल बटणं त्या नळीला आणि विटेच्या भिंतीला एकाच वेळी चिकटून दाबली जातात आणि प्लॅस्टिकचा जरासा लवचिकपणा स्प्रिंगचं काम करतो. वीट तीच, टेकायच्या जागा नीट ठरवल्या.

आता इंजिनिअरिंगची मुलं मला भेटतात तेव्हा काय म्हणतात, "काका, फिट टाइट करा ना, टॉलरन्स कमी करा." त्यांना फिटचा तक्ता पाठ असतो, एच७ जी६, एच७ पी६, म्हणजे एच७ ही भोकाच्या मापाची खूण आणि जी६, पी६ या शाफ्टच्या, म्हणजे आत जाणाऱ्या दांड्याच्या. चांगलंय, तक्ता आलाच पाहिजे. पण तक्ता काय सांगतो ते तर बघा. २५ मिलिमीटरला एच७ भोक म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन, जी६ शाफ्ट म्हणजे उणे ७ ते उणे २०, म्हणजे ग्राइंडिंग करून, गो नो-गो गेज (माप हद्दीत आहे का ते तपासायचं साधन) लावून, एवढे पैसे घालूनसुद्धा फट ७ पासून ४१ मायक्रॉनपर्यंत राहणारच, कारण सरकायचं तर फट लागते. आणि पी६ केला तर फट संपते पण मग तो सरकतच नाही, प्रेसवर दाबून बसवावा लागतो. काठीचा पाइप हा ओढून काढलेला पाइप, त्याला कोण ग्राइंडिंग करणार? आणि समजा केलं, तर रस्त्यावरची धूळ आत गेली की काठी जागच्या जागी जाम, म्हातारं माणूस ती कशी सरकवणार. म्हणून सरकताना ढिलं पाहिजे आणि लॉक झाल्यावर घट्ट पाहिजे. ही दोन्ही एकाच मापातून मिळत नाहीत, त्यासाठी लॉक करताना हलणारं काहीतरी लागतं, पाचर, टेपर म्हणजे निमुळता उतार, स्क्रू, स्प्रिंग, काहीही. सायकलची सीट आठवा, सीटच्या दांड्याची नळी ढिली असते, पण बाहेरच्या नळीला चीर दिलेली असते आणि बोल्ट आवळला की नळी दांड्याला मिठी मारते, कोणत्या सायकलची सीट खुळखुळते सांगा. म्हणजे हे काही नवीन नाही, महागही नाही.

आईच्या काठीसाठी शेजारचा एक मुलगा आणि मी मिळून कॉलर बनवली. तो डिप्लोमाला आहे, त्याच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे, माझ्याकडे हात आहे. काय काय झालं ते सविस्तर लिहितो कारण कोणाला करायची असेल तर उपयोग होईल.

पहिल्यांदा अर्थात सगळे करतात ते केलं, आतल्या पाइपवर इन्सुलेशन टेप गुंडाळली. एक आठवडा शांत, मग उन्हाने गोंद वितळून चिकट काळा राडा झाला आणि पाइप सरकेना. मग रबराच्या दोन ओ-रिंग, एक वर एक खाली, चांगलं अंतर ठेवून. हे खरंच चांगलं चाललं, खडखड गेली, पण उंची बदलताना रिंग भोकांच्या धारेवरून जाते आणि कापली जाते, ॲल्युमिनियमच्या भोकाची धार ब्लेडसारखी असते, बर, म्हणजे भोक पाडताना राहिलेली धारदार कड, कोणी काढत नाही. ज्याला उंची एकदाच लावायची आहे त्याने भोकांच्या धारा कानसीने मारून बिनधास्त ओ-रिंग वापरावी, स्वस्त आणि मस्त.

मग कॉलर. बाहेरच्या पाइपच्या तोंडावर एक स्लीव्ह, म्हणजे आखूड नळी, रिव्हेट केली, तिला बाहेरून आटे आणि तोंडाला आतून शंकूसारखा टेपर. त्यात आतल्या पाइपवर सरकणारी टेपरची बुश, म्हणजे छोटी निमुळती नळी, आणि वरून नट. नट आवळला की बुश शंकूत दाबली जाते आणि पाइपला चारी बाजूंनी धरते. मुलाने पहिली बुश लेथच्या कॉलेटसारखी केली, म्हणजे उभ्या बोटांची. सुंदर दिसत होती पण दोन वेळा आवळल्यावर बोटं बुडातून मोडली. कारण प्रिंटर आडवे थर एकावर एक घालतो आणि बोट वाकलं की ते नेमकं थरांच्या जोडावर फाटतं. मग मी त्याला म्हटलं बोटं सोड, इंग्रजी सी सारखी अखंड बुश कर, एकच चीर दे, म्हणजे आवळताना जो ताण येतो तो थराच्या आतून गोल फिरतो, थर सुटायचा प्रश्नच नाही. ती बुश अजून चालू आहे.

मग टेपरचा कोन, आणि इथे मला माझी सगळी नोकरी आठवली. ड्रिलिंग मशीनचा मोर्स टेपर एका बाजूला साधारण दीड डिग्री असतो, तो इतका निमुळता असतो की नुसता ठोकला की घर्षणानेच धरून बसतो, काढायला ड्रिफ्ट म्हणजे चपटी पाचर घालून हातोडी मारावी लागते. मिलिंग मशीनचा टेपर याच्या कितीतरी पट उतरता असतो, तो स्वतः धरत नाही, त्याला मागून ड्रॉबारने, म्हणजे लांब बोल्टने, ओढावं लागतं, पण सैल केला की सहज सुटतो. आम्ही आधी एका बाजूला ५ डिग्री ठेवला, पकड जबरदस्त, पण नट काढला तरी बुश सुटेना, पोपटपान्याने ओढावी लागली. आईच्या हातात पोपटपाना थोडीच देणार. मग १५ डिग्री केला, आता नट पाव फेरा सैल केला की बुश आपोआप मोकळी होते, आणि आईच्या बोटांनी आवळल्यावर पुरेशी धरते. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिकचं घर्षण, जागेवरचा ओलावा, तेल यावर हा कोन थोडा इकडेतिकडे करावा लागेल, करून बघूनच ठरवावा.

नटला बाहेरून सहा खोल खाचा केल्या, गुळगुळीत नट म्हाताऱ्या हातात फिरतच नाही. मटेरियल म्हणाल तर पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक टाळा, ६० डिग्रीच्या आसपास ते मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीत काठी राहिली की संपलं. नायलॉन चिवट असतं पण हवेतलं पाणी पितं आणि पावसाळ्यात फुगतं, जूनमध्ये अडकेल आणि जानेवारीत सैल होईल. आम्ही पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकात प्रिंट केली, लेथवर करायची तर डेलरिन हे कडक प्लॅस्टिक घ्या. कुठलंही प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू बसतं, पण इथे नट असल्यामुळे अजून थोडा आवळला की झालं, झीज झाली तरी पाचर पुढे सरकून ती भरून काढते. ठराविक मापाच्या फिटला हे कधीच जमत नाही, तो पहिल्या दिवशी सगळ्यात चांगला असतो आणि मग रोज खराब होतो.

हा झिजेचा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून परत सांगतो. लोक म्हणतात आवाजच येतो ना, येऊ दे, मोडत तर नाही. पण खडखड म्हणजे छोटी छोटी हातोडी आहे. बटण स्टीलचं, पाइप पातळ ॲल्युमिनियमचा, प्रत्येक पावलाला बटण भोकाच्या काठावर आपटतं, भोक लांबट होत जातं, मग आपटायला आणखी जागा मिळते आणि आणखी जोरात आपटतं. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचा दोन वर्षांचा वॉकर मी बघितला, साडेसहाचं भोक उभं आठ झालं होतं. कॉलर लावल्यावर बटणाला आपटायला वावच राहत नाही, बटण फक्त राखणीला, भार बराचसा पकडीतून जातो. मात्र बटण काढून टाकून नुसत्या कॉलरवर विसंबू नका, आई नट आवळायला विसरली तर काठी खाली घुसता कामा नये. अडकवणारा आणि बसवणारा, दोघंही पाहिजेत.

आणखी एक, पाइप एकमेकांत जास्त शिरला पाहिजे. ६० चा १२० केला तर टोकाचं हलणं तिथेच निम्मं होतं, काहीही न करता, फक्त आतला पाइप ६ सेंटिमीटर लांब घेतला म्हणून. कंपन्या पाइप वाचवतात आणि तिथेच घात होतो.

आता माझ्या विनंत्या. ज्या संस्था, मंडळं, नगरसेवक, डॉक्टर लोक काठ्या आणि वॉकर वाटतात त्यांनी खरेदी करताना एक वस्तू हातात घ्यावी, सगळ्यात उंच भोकावर लावावी आणि कानाजवळ धरून हलवावी. उंच भोकावर मुद्दाम, कारण तिथे पाइप सगळ्यात कमी शिरलेला असतो आणि खरं ते तिथेच कळतं. आवाज आला तर दुकानदाराला कॉलरवाली मागावी, लॉक नट असलेल्या काठ्या बाजारात मिळतात, मी बघितल्या आहेत, फक्त मागत कोणी नाही म्हणून पुढे येत नाहीत.

आणि पॉलिटेक्निक, आयटीआयच्या सरांना हात जोडून सांगतो, मुलांना फिटचा तक्ता शिकवा पण त्याच दिवशी त्यांच्या हातात एक बी२२ चा होल्डर द्या आणि खोलून दाखवायला सांगा की बल्ब का हलत नाही. एक कुऱ्हाडीचा दांडा बसवायला द्या. निळा रंग लावून टेपर कुठे टेकतो आणि कुठे नाही ते बघायला शिकवा, आम्ही त्याला ब्लू मारणं म्हणायचो, शंकूवर पातळ निळा लावायचा, भोकात अर्धा फेरा फिरवायचा, बाहेर काढला की जिथे टेकलं तिथेच पुसलेलं दिसतं, बाकीचं लबाड. शेजारच्या मुलाला मी हे दाखवलं तेव्हा तो अर्धा तास नुसता ब्लू मारत आणि कानस मारत बसला होता, त्याची आई जेवायला बोलवत होती तरी उठेना. कॉम्प्युटरवर काढलेला शंकू आणि प्रिंटरमधून आलेला शंकू एक नसतो हे त्याला त्या निळ्या डागांनी सांगितलं, पहिल्या थराची कड जराशी बाहेर फुगते आणि बुश फक्त त्या कडेवर टेकून राहते, ती कड तासली तेव्हा कुठे पूर्ण शंकू भिडला.

आई आता तीच मोफत मिळालेली काठी घेऊन सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जाते आणि येते. निघताना नट आवळलाय का ते ती स्वतः बघते, काठी एकदा जमिनीवर आपटते, कान देते आणि मगच पायरी उतरते. तिच्या दोन मैत्रिणींच्या काठ्यांनाही कॉलर झाल्या, तिसरीची चालू आहे, तिचा पाइप १९ चा आहे म्हणून बुश नव्याने काढावी लागतेय.

सोबत २२ च्या पाइपसाठी कॉलरचं हाताने काढलेलं ड्रॉइंग जोडतोय, मापं मिलिमीटरमध्ये, स्लीव्ह, बुश आणि नट वेगवेगळे दाखवलेत. बुशची चीर ३ मिलिमीटर ठेवलीय, त्यापेक्षा कमी केली तर पाइप धरायच्या आधीच चीर बंद होते. जागा असेल तर पत्रासोबत छापावं ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम फिटर, भोसरी, पुणे